एका पातेल्यातले जेवण

मराठी घरातील रात्रीचे जेवण साधे असते, असे सर्वजण सहज म्हणून जातात. परंतु त्या साधेपणाचा हिशेब मांडू गेले तर निराळेच चित्र दिसते. पोळ्यांसाठी परात, पोळपाट-लाटणे आणि तवा. वरणासाठी एक भांडे, भातासाठी दुसरे. भाजीसाठी कढई, कोशिंबिरीसाठी वाडगा आणि फोडणीसाठी पळी. एवढा पसारा मांडावा तेव्हा कुठे ते 'साधे जेवण' पानात पडते. दिवसभर घरी असलेल्या माणसालाही हा खटाटोप थोडा नव्हे. मग जो किंवा जी सायंकाळी कामावरून परतते आणि जिच्यापुढे लगेच चूल उभी असते, तिची काय कथा?

जबलपूरच्या उत्तरेस, कटंगी आणि सिहोरा यांच्या दरम्यान, मझौली हे तहसिलीचे गाव आहे. तेथील विष्णु-वराहाच्या प्राचीन मंदिरामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना त्याचे नाव परिचित असते. अशा तहसिलीच्या गावी शाळा, दवाखाना, बँक आणि कचेरी यांच्या निमित्ताने बाहेरची माणसे येतात व राहतात. मराठी माणूस या प्रदेशाला नवखा नाही. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे गोंड राज्य सागरच्या मराठ्यांच्या हाती गेले, १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरच्या भोसल्यांकडे आला आणि १८१८ पर्यंत त्यांच्याकडे राहिला. पुढे मध्य प्रांतात, आणि स्वातंत्र्यानंतरही १९५६ च्या राज्य-पुनर्रचनेपर्यंत, नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात नांदत होती. बदलीच्या हुकुमाबरोबर माणसे इकडून तिकडे जात, आणि माणसांबरोबर त्यांची पाककृतीही जाई. आजही अशा गावी पतिपत्नी दोघेही नोकरी करीत असतील, तर रात्रीच्या जेवणाचा प्रश्न त्यांच्यापुढे रोज उभा राहतो.

या प्रश्नाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर कालविनियोगाची पाहणी केली. तीत असे दिसले की, घरच्या माणसांसाठी विनावेतन घरकाम करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांमध्ये शेकडा ८१.२ आहे, तर पुरुषांमध्ये शेकडा २६.१. जे हे काम करतात त्यांच्यापैकी स्त्रीचा दिवसाचा वेळ सरासरी २९९ मिनिटे जातो, पुरुषाचा ९७. पाच तासांचे हे काम एखाद्या पाककृतीने संपणार नाही, हे उघड आहे. तथापि संध्याकाळचा एक तास जरी तीतून सुटला, तरी तो लहान लाभ नव्हे. आणि तो तास सोडविण्याची युक्ती आपल्या जुन्या स्वयंपाकघरातच आहे. तिचे नाव चकोल्या, किंवा वरणफळे.

उकळत्या आमटीत कणकेचे लाटलेले तुकडे सोडून शिजवावयाचे, एवढीच ही कृती. गुजरातेत तिला दाळ-ढोकळी म्हणतात. पूर्व उत्तर प्रदेशात आणि बिहारात दाल-पिठी, किंवा अधिक लाडिकपणे 'दाल की दुल्हन'. इटलीत पास्ता आणि कडधान्य एकत्र शिजवून जे दाट सार करतात, तेही याच कुळातले. धान्य, डाळ आणि रस ही तिन्ही एका भांड्यात शिजवावीत ही बुद्धी अनेक देशांच्या गृहिणींना स्वतंत्रपणे सुचली, याला कारण आहे.

ते कारण पाण्यात आहे. एरवी पास्ता भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून देतात. त्या पाण्यात गव्हातील पिष्ठ उतरलेले असते. म्हणूनच इटालियन आचारी त्यातले पेलाभर पाणी बाजूला राखून ठेवतो. त्याच्याशिवाय त्याचा रस तुकड्यांना धरून राहत नाही. एका पातेल्याच्या स्वयंपाकात पाणी फेकावयाचेच नसते. कणकेतील पिष्ठ सुमारे ६० ते ६५ अंशांच्या उष्णतेला पाणी शोषून फुगते, त्यातले काही रसात उतरते, आणि पातळ आमटी आपोआप मिळून येते. मसाला, मीठ आणि डाळीचा कस तुकड्यांत मुरतो. काहीही वाया जात नाही. मात्र म्हणूनच पाण्याचे माप नेमके हवे. पाणी अधिक झाले तर त्याचे सार होते, कमी पडले तर अन्न बुडाला लागते.

चार माणसांसाठी एक वाटी तूरडाळ, दोन वाट्या कणीक आणि एकूण सुमारे सात वाट्या पाणी, हे माप साधारणपणे पुरते. तूरडाळ मझौलीत दुर्मिळ नाही. शेजारच्या नरसिंहपूर जिल्ह्यातील गाडरवाऱ्याची डाळ तर प्रसिद्धच आहे. डाळ सकाळी बाहेर पडतानाच धुऊन भिजत घालावी. उन्हाळ्याचे दिवस असतील तर परतल्यावर अर्धा तास भिजवली तरी पुरे.

घरी आल्यावर प्रथम कणीक भिजवावी. तीत मीठ, चिमूटभर हळद, थोडा ओवा आणि चमचाभर तेल घालावे व ती पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळावी. सैल कणकेचे तुकडे आमटीत विरघळतात. मळलेला गोळा ओल्या फडक्याखाली वीस मिनिटे ठेवून द्यावा. ही वीस मिनिटे म्हणजे आळस नव्हे. मळताना गव्हातील चिकट अंश ताणलेला असतो. तो या अवधीत सैलावतो आणि मग लाटताना कणीक मागे ओढली जात नाही.

तेवढ्या वेळात कुकरमध्येच फोडणी करावी. वेगळ्या पळीची गरज नाही. दोन मोठे चमचे तेल, मोहरी, जिरे, हिंग, ठेचलेला लसूण, कढीलिंब आणि हळद-तिखट; तिखट जळू नये म्हणून त्यावर लगेच डाळ आणि तीन वाट्या पाणी घालावे. झाकण लावून तीन-चार शिट्या होऊ द्याव्या. कुकरमधील कोंडलेल्या वाफेमुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते, म्हणून तूरडाळ इतक्या लवकर शिजते. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो या वेळी घालू नये. आंबटपणा डाळीला मऊ होऊ देत नाही. डाळ शिजल्यावरच त्याचे काम. ज्यांच्याकडे कुकर नाही त्यांनी मूगडाळ घ्यावी. ती जाड बुडाच्या साध्या पातेल्यातही सुमारे पाऊण घटकेत, म्हणजे वीस मिनिटांच्या आत-बाहेर, शिजते.

डाळ शिजली की ती घोटावी, उरलेले चार वाट्या पाणी गरम करून घालावे आणि मीठ टाकून मोठ्या आचेवर उकळी आणावी. दरम्यान कणकेची पोळीपेक्षा थोडी जाड पोळी लाटून सुरीने शंकरपाळ्यासारखे तुकडे करावे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयाची. आमटी खळखळ उकळत असतानाच, थोडे थोडे तुकडे, हलवीत हलवीत सोडावे. आमटी नुसती गरम असेल तर तुकड्यांवरचे पिष्ठ खरखरीत न होता चिकट होते आणि सारे तुकडे एकमेकांना धरून बसतात. उकळत्या रसात मात्र त्यांचा बाहेरचा थर चटकन शिजतो व ते सुटे राहतात. सगळे तुकडे पडल्यावर आच मध्यम करावी आणि झाकण अर्धवट ठेवून दहा-बारा मिनिटे शिजवावे. एक तुकडा मोडून पाहावा. आत कोरडी पांढरी रेघ दिसेनाशी झाली म्हणजे चकोल्या झाल्या. शेवटी चिंचेचा कोळ, लहानसा गुळाचा खडा, गोडा मसाला आणि कोथिंबीर घालावी.

जबलपूर जिल्हा हिरव्या वाटाण्यासाठी नावाजलेला आहे. हिवाळ्यात मूठ-दोन मूठ कोवळे दाणे शेवटची पाच मिनिटे राहिली असता घातले, तर वेगळी भाजी करण्याचे कारण उरत नाही. गव्हाच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो, डाळीत तो पुरेसा असतो. डाळीत जे उणे तो मेथिओनिन गहू पुरवितो. अशा रीतीने धान्य, डाळ आणि भाजी एकाच पानात येतात. वर तुपाची धार सोडली आणि पानाच्या कडेला कांदा ठेवला, की जेवण पुरे झाले.

आता मांसाहारी घरांचा विचार. परदेशी पद्धतीत अशा एका भांड्याच्या पास्त्यात सॉसेजचे तुकडे घालतात. त्याचे मर्म एवढेच की, सॉसेजमध्ये मीठ, मसाला आणि चरबी आधीच मुरलेली असते. एक जिन्नस घातला की सारे भांडे चविष्ट होते. हेच काम गोव्यात चोरिस करते. डुकराच्या मांसात मिरची, लसूण, मसाले आणि व्हिनेगर घालून, आतड्यात भरून, वाळवून ती तयार होते. तिचे तुकडे कांद्याबरोबर परतून तांदूळ घातला की पुलावाला दुसरा मसाला लागत नाही. ज्यांना मॅकरोनीच करावयाची आहे, त्यांनी पाव किलो सॉसेज त्याच्याच चरबीत परतावे, कांदा, लसूण व टोमॅटो घालून मऊ होऊ द्यावे, मग पाव किलो मॅकरोनी आणि पाऊण लिटर गरम पाणी घालून, मधूनमधून हलवीत, रस दाटेपर्यंत शिजवावे. मीठ शेवटी चाखूनच घालावे, कारण सॉसेजचे मीठ पाण्यात उतरत असते. रीत चकोल्यांचीच आहे. जिन्नस तेवढे बदलले.

शाकाहारी घरात सॉसेजची जागा घेणारी वस्तू म्हणजे सांडगे. मध्य प्रदेशातील घरांतून उन्हात वाळविलेल्या ज्या बड्या करतात, त्या यांच्याच बहिणी. डाळ, कोहळा आणि मसाला यांची ही साठवण फोडणीच्या तेलात आधी तळून बाजूला काढावी आणि तुकड्यांबरोबर आमटीत टाकावी. रस शोषून त्या फुगतात, आणि घासाघासाला मसाल्याचा स्वाद लागतो. उन्हाळ्यातील एका दिवसाचे श्रम अशा रीतीने वर्षातील अनेक संध्याकाळी हलक्या करतात.

गव्हाविषयीही दोन शब्द हवेत. इटलीतील सुका पास्ता ज्या कठीण, पिवळसर गव्हाच्या रव्याचा करतात, त्याच जातीचा गहू मध्य भारतात पूर्वापार पिकत आला आहे. तिकडे त्याला कठिया म्हणतात. कोरडवाहू जमिनीत तो तग धरी. पाटाचे पाणी आणि नवी बियाणी आल्यावर पोळीच्या मऊ गव्हाने त्याला बरेच मागे सारले. कणकेत दोन-तीन चमचे कठिया गव्हाचा रवा मिसळला तर चकोल्या अधिक घट्ट राहतात. तो न मिळाल्यास साधा रवा चालतो.

या जेवणाचे दोन दोष सांगितले पाहिजेत. एक म्हणजे ते फार काळ टिकत नाही. तुकडे रस पितच राहतात आणि तासाभरात आमटीचा गोळा होतो. उरलेल्या चकोल्या गरम पाणी घालून पुन्हा सारख्या कराव्या लागतात, व त्यांना पहिली चव येत नाही. दुसरा दोष असा की, रोज केल्यास त्यांचा कंटाळा येईल. त्या आठवड्यातून एक-दोन रात्रींसाठी आहेत, असे समजावे.

परंतु पहिल्या दोषातच एक गुण दडला आहे. पोळ्यांच्या जेवणात एकजण तव्यापाशी उभी असते आणि बाकीचे जेवत असतात. तिचे पान शेवटी मांडले जाते. चकोल्यांचे पातेले उतरले की चुलीपाशी कोणाचेच काम उरत नाही, आणि थांबण्याचीही सोय नसते. सर्वांनी एकदम बसावे लागते. शिवाय पोळी गोल लाटण्याची कसोटी येथे नाही. वेडेवाकडे तुकडे आमटीत सारखेच शिजतात, आणि ज्या हाताने कधी लाटणे धरले नाही त्या पुरुषाच्या हातालाही हे काम पहिल्या संध्याकाळी साधते. डाळ तिने भिजत घातली असेल तर कणीक त्याने मळावी. आणि रात्री घासावयाचे भांडे एकच असल्याने, ते कोणी घासावे याविषयी फार मोठा वाद होण्याचे कारण नाही.