पतंगाला ऐकू येतं, आपल्याला येत नाही

आम्ही ढाणकीच्या बचत गटातल्या बाया. आज वटवाघळांविषयी बोलायचं आहे. नाव ऐकूनच काहीजणींनी तोंड वाकडं केलं असेल. आम्हीही केलं होतं.

झालं असं, की आमच्या बैठकीच्या जागेला लागून एक जुनं पडकं घर आहे. दिवेलागणीला त्याच्या भिंतीच्या फटींतून लहान लहान वटवाघळं, म्हणजे पाकोळ्या, एकामागून एक बाहेर पडतात. "केसात अडकतात", "घरात शिरल्या की वाईट होतं", असं बोलता बोलता आम्ही ठरवून टाकलं की रविवारी गोवऱ्यांचा धूर करायचा आणि फटी लिंपून टाकायच्या. वर्गणीही जमली. तेवढ्यात एका मावशींनी विचारलं, "पण ह्या रोज रात्री जातात कुठं?" उत्तर कुणाकडेच नव्हतं. ते शोधताना जे कळलं, तेच आज सांगतो आहोत.

वडा-पिंपळावर लटकणारी मोठी वटवाघळं फळं खातात आणि डोळ्यांनी बघून उडतात. ती वेगळी. या लहान पाकोळ्या किडे खातात. जिथे किडे तिथे त्या जातात, म्हणजे पाण्यावर, दिव्यांभोवती आणि आपल्या शेतावर. पण काळ्याकुट्ट रात्री त्यांना किडा सापडतो कसा?

विहिरीत वाकून हाक मारली की आपलाच आवाज परत येतो, हे आपण लहानपणी केलेलं आहे. पाकोळी तेच करते. उडताना ती सारखी ओरडते. तो आवाज पतंगावर आपटून परत आला की तिला कळतं, पतंग कुठे आहे आणि किती लांब आहे. पतंग एक मीटरवर असेल, तर आवाज जाऊन यायला सेकंदाचा दीडशेवा भागही लागत नाही. पतंग जवळ आला की ती सेकंदाला दीडशे-दोनशे वेळा ओरडते. आपल्याला मात्र काहीच ऐकू येत नाही, कारण माणसाचा कान सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचाच आवाज ऐकतो आणि तिचा आवाज बहुतेक त्याच्या वरचा असतो. आपल्याला शांत वाटणारी रात्र खरं तर आरडाओरड्याने भरलेली असते.

हे कोडं सुटायला दीडशे वर्षं गेली. इटलीतल्या स्पालान्झानी यांनी १७९३ मध्ये पाहिलं, की डोळे गेले तरी वटवाघूळ नीट उडतं. पुढे जिनिव्हाच्या ज्युरीन यांनी त्यांचे कान बंद करून पाहिले, तेव्हा ती धडकू लागली. शेवटी १९३८ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिन यांनी यंत्र लावून तो न ऐकू येणारा आवाज पकडला. अंधारात ताणलेल्या बारीक तारासुद्धा वटवाघळं चुकवतात, हेही त्यांनी दाखवलं. तार चुकवणाऱ्या पाकोळीला आपलं डोकं कळणार नाही का? केसात अडकण्याची भीती तिथेच संपली.

आता पतंगाचं ऐका. तुरीवर, हरभऱ्यावर घाटेअळी पडते आणि तीच कपाशीवर हिरवी बोंडअळी म्हणून पडते. तिचा पतंग रात्री उडतो आणि एकेक मादी शेकडो अंडी घालते. या पतंगाला कान असतात! डोक्यावर नाही, तर छातीच्या मागच्या भागात, पंखांच्या मुळाशी, दोन्ही बाजूंना एकेक. हलगीसारखा एक बारीक पडदा आणि त्याला जोडलेल्या फक्त दोन ऐकणाऱ्या पेशी. एक हलक्या आवाजानेही जागी होते, दुसरी आवाज मोठा झाल्यावर. पाकोळी लांब असेल, तर पतंग दिशा बदलून पळतो. अगदी जवळ आली, तर गिरक्या घेतो किंवा पंख मिटून खाली पडतो. पाकोळीला पतंग काही मीटरवर आल्यावरच कळतो, पण पतंगाला ती तीसेक मीटरवरूनही ऐकू येऊ शकते.

मग आमच्यातल्या एकीने बरोबर शंका काढली, "पतंग पळून वाचत असेल, तर आपला काय फायदा?"

फायदा दोन्हीकडून आहे. सगळेच पतंग वाचत नाहीत. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये कपाशीच्या पट्ट्यात वटवाघळं आपल्या बोंडअळीच्या चुलत बहिणीचे पतंग खातात. तिथल्या आठ तालुक्यांएवढ्या भागात त्यामुळे वर्षाला सुमारे ७ लाख ४१ हजार डॉलर वाचतात, असा हिशेब अभ्यासकांनी २००६ मध्ये मांडला. आणि जो पतंग जिवाच्या भीतीने पळतोय, तो त्या वेळी अंडी घालत नाही. कॅनडात १९६२ मध्ये मक्याच्या शेतात वटवाघळासारखे आवाज लावून पाहिले, तेव्हा अळीचा त्रास जवळपास निम्म्यावर आला. म्हणजे पाकोळीचं नुसतं ओरडणंही राखण करतं.

मैत्रिणींनो, आम्हाला हे का लागलं ते सांगतो. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. फवारणीला पाणी कोण आणतं? ते कपडे कोण धुतं? आपणच. म्हणून एक फवारणी जरी कमी झाली, तरी ती आपल्या घराच्या जिवाची गोष्ट आहे. पाकोळ्या असल्या म्हणजे सगळं भागलं, असं नाही. कामगंध सापळे, पक्षी थांबे, बोंडं फोडून पाहणं हे करावंच लागेल. पण फुकट राखण करणाऱ्याला आपल्या हाताने हाकलू नये.

एवढंच पाळा. त्यांना धूर करू नका, दगड मारू देऊ नका. घरातच राहत असतील, तर पिल्लं नसताना, त्या रात्री बाहेर गेल्यावर फट बुजवा. पडलेली पाकोळी उघड्या हाताने उचलू नका. चावली तर जखम साबणाने धुवा आणि लगेच दवाखान्यात जा.

आमचा रविवारचा धूर झाला नाही. जमलेल्या वर्गणीतून तिघींच्या तुरीसाठी कामगंध सापळे आणले. आता बैठक सुटली की मावशी त्या फटींकडे बघून म्हणतात, "चला, राखणदार निघाले." तुमच्या गावातले राखणदार कुठून निघतात, ते आज दिवेलागणीला बघा आणि पुढच्या बैठकीत सांगा.