ब्रेक सुटतो कसा?

रोवणीचे दिवस होते. साकोलीहून भंडाऱ्याकडे येताना मोटारसायकल जड व्हायला लागली. आधी वाटले, वारा समोरून आहे. लाखनी येईस्तोवर इंजिन कुंथू लागले आणि उतारावर क्लच दाबला तर गाडी घरंगळायच्या ऐवजी चक्क थांबली. पुढची डिस्क अशी तापली होती की पावसाचा थेंब पडला की चुर्रकन उडून जाई. ढकलत गॅरेज गाठले. तिथल्या पोराने हातोडी उचलली, तेवढ्यात मिस्त्री आतून ओरडला, "ठोकू नको बे, पयले निपल ढिला कर!" आठ नंबरच्या पान्याने डिस्कला पॅडनी चिमटणाऱ्या कॅलिपरवरचा, हवा काढायचा निपल पाव आटा फिरवला, काळपट तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक सुटले.

अर्धे निदान त्या चिळकांडीतच होते.

ब्रेक लागतो कसा, हे पास्कलच्या नियमात आपण शाळेत शिकलो. समजा, बोटांनी लिव्हरवर ५ किलोचा जोर दिला. लिव्हर ही तरफ, ती त्याचे २५ किलो करते. लिव्हरपाशी असलेल्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन ११ मिलिमीटर व्यासाचा आणि कॅलिपरचा ३३ मिलिमीटरचा असेल, तर व्यास तिप्पट म्हणून क्षेत्रफळ नऊपट. पॅडच्या पाठीशी २२५ किलोंचा जोर उभा राहतो. म्हणजे तीन माणसे पॅडवर रेलल्यासारखी!

सुटताना मात्र या पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग कॅलिपरमध्ये नसते. असते ती चौकोनी छेदाची एक रबरी रिंग. पिस्टन पुढे सरकतो तेव्हा ती त्याला धरून किंचित कलते. दाब गेला की सरळ होते आणि पिस्टनला केसभर मागे आणते. तेवढ्याने पॅड डिस्कपासून सुटतो. मागे आलेल्या तेलाला टाकीत परतायला मास्टर सिलिंडरमध्ये सुईच्या टोकाएवढे भोक असते आणि लिव्हर पूर्ण मागे आल्याशिवाय तेही उघडत नाही. लागायला २२५ किलो आणि सुटायला एक रिंग नि एक भोक. म्हणून जाम झालेला ब्रेक हा बहुतेक वेळा लागण्याचा नव्हे, सुटण्याचा बिघाड असतो.

आता मिस्त्रीची युक्ती बघा. निपल ढिला करून चाक सुटले, तर तेलात दाब कोंडलेला होता आणि दोष कॅलिपरच्या वर आहे. निपल उघडूनही चाक हलत नसेल, तर पिस्टन गंजून धरला आहे किंवा कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या पिना सुकल्या आहेत. वरचा दोष नेमका कुठला, हे कळायला ब्रेक पुन्हा धरू द्यायचा आणि या वेळी मास्टर सिलिंडरजवळचा होजचा, म्हणजे तेलाच्या रबरी नळीचा, बोल्ट सैल करायचा. सुटले तर दोष मास्टरचा. न सुटता खाली निपलशीच सुटले, तर होजचा. जुन्या होजचे रबर आतून फुगते. हाताचा जोर तेलाला त्यातून रेटून नेतो, पण परतीच्या तेलामागे एवढा जोर कुठला? बाहेरून होज ठणठणीत दिसतो, हीच पंचाईत. दोनदा पाना फिरवून मास्टर, होज की कॅलिपर, ते कळते. डॉक्टरांनाही हेवा वाटावा.

भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात, जिथे वर्षाला १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, ब्रेक जाम होण्याचा आजार नवलाचा नाही. ब्रेक ऑइल हे नावाचेच ऑइल. डॉट ३ आणि डॉट ४ ही ग्लायकॉल जातीची द्रवे हवेतली ओल शोषून घेतात. ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पावणेचार टक्के पाणी मुरले की ती किमान मर्यादा १४० वर येते. हेच पाणी कॅलिपरमधल्या पोलादी पिस्टनला गंजवते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा खातो आणि पिस्टनच्या भोवती जागा असते मिलिमीटरच्या काही शतांशांची. रिंगच्या खाचेत ॲल्युमिनियमचा पांढरा भुगा साचतो, तो रिंगला आत रेटून पिस्टन आवळतो तो वेगळाच.

दोष महिनोन्महिने मुरतो, पण चाक अचानक धरते. घासणाऱ्या पॅडने गाडीला फक्त ४ किलोच्या जोराने मागे ओढले, तरी ताशी ५० किलोमीटरला साधारण ५५० वॅट उष्णता तयार होते. छोटी विजेची शेगडीच. तेल तापून फुगते, परतीचे भोक बंद असेल तर दाब वाढतो, पॅड आणखी घासतो, तेल आणखी तापते. गाडी थांबवून निवू दिली की चाक आपोआप सुटते आणि आपल्याला वाटते, झाले ठीक. पाच किलोमीटरवर पुन्हा तेच. तापल्या डिस्कवर पाणी मात्र ओतू नका, ती वाकडी होऊ शकते.

अडकलेला पिस्टन काढायला अनेक जण कॉम्प्रेसरची हवा मारतात. मला हा प्रकार भयंकर वाटतो. दाबलेली हवा म्हणजे ताणलेली स्प्रिंग. पिस्टन सुटला की गोळीसारखा येतो, बोटे जातात. त्यापेक्षा होज काढण्याआधी पॅड बाजूला करून लिव्हरच हळूहळू दाबत राहावे. वरच्या हिशेबाने तिथे चौरस सेंटिमीटरला २५ किलोंहून अधिक दाब मिळतो, कॉम्प्रेसरच्या तिपटीएवढा. आणि द्रव दबत नसल्याने पिस्टन जरा सरकताच दाब ओसरतो. पिस्टनवर नख अडेल असा खड्डा असेल तर तो भंगारात. रबरी भाग पेट्रोलने धुवू नयेत, ते फुगतात आणि नवा जाम तयार होतो. होजच्या बोल्टखालचे तांब्याचे वायसर दर वेळी नवे घ्यावेत. एकदा दाबले गेलेले तांबे कडक होते. तापवल्यावर ते पुन्हा मऊ पडते, हे भंडाऱ्यात भांडी घडवणाऱ्यांना मी काय सांगावे!

धुऱ्यावरून धानाच्या बांधीपर्यंत जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना अजून ड्रम ब्रेक आहे. त्याला परतीची स्प्रिंग असते, पण तिचाही घात चिखल करतो. बांधीतला बारीक गाळ ड्रममध्ये शिरून सुकतो, लायनर पसरवणारा कॅम गंजतो आणि पॅडल सोडले तरी फिरत नाही. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेच्या पुराने भंडारा शहरात पाणी शिरले, तसे पाणी चाकावर चढले की गाडी नुसती वाळवून भागत नाही. चाक काढून ड्रम साफ करावा, कॅमला उष्णता सोसणारे ग्रीस किंचित लावावे. धूळ हवेने फुंकू नये, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याहून वाईट म्हणजे लायनर पार झिजले की कॅम गरजेपेक्षा जास्त वळून आडवा अडकतो आणि चालत्या गाडीचे चाक बसते. म्हणून तर कॅमच्या दांड्याजवळ बाण आणि खूण दिलेली असते.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांत दोन्ही ब्रेक जोडलेले किंवा एबीएस असणे सक्तीचे झाले. तेव्हा जोडलेले ब्रेक असलेल्या गाडीचे पुढचे चाक धरले तर पायाकडची केबलही बघावी.

माझ्या गाडीचा दोष मास्टरमध्ये निघाला. ते सुईएवढे भोक चिकट गाळाने बुजले होते. मिस्त्रीने विजेच्या वायरमधली तांब्याची एक तार काढून ते मोकळे केले, नवे रबर किट घातले, ताजे ऑइल भरून हवा काढली. जुने ऑइल मीच भरले होते, घरी दोन वर्षे उघड्या पडलेल्या बाटलीतून, तेही टाकीच्या काठोकाठ. तुमच्या घरच्या फळीवरही तशी बाटली असेल, तर ती गाडीत ओतू नका.