टिंब वर की खाली?

संगीताची मासिके वाचतो तरी कोण, असे मला पुष्कळदा विचारण्यात येते. विचारणाऱ्याचा सूर बहुधा असा असतो की, गाणे ही ऐकायची गोष्ट. ती कागदावर वाचून काय मिळणार? लाडवाचे वर्णन वाचून कोणाचे पोट भरले आहे काय? दिवाळीच्या दिवसांत हा दृष्टान्त फारच पटतो. परंतु लाडू करायला प्रथमच बसलेली सूनबाई पाकाची कृती वाचतेच की नाही? संगीताच्या मासिकाचा खरा वाचक हा त्या सूनबाईसारखा असतो, असे माझे मत झाले आहे. आणि ते मत मी मुंबई-पुण्यात बनवलेले नाही, सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या शेंदूरजनाघाटात बनवले आहे.

आमचे गाव संत्र्यांचे. आंबिया बहार आणि मृग बहार ही आमची दोन मुख्य पंचांगे. पण संध्याकाळी बागेतून परतलेल्या माणसाला गाव सोडून जाता येत नसे आणि करमणूक तर हवी असे. वऱ्हाडात तिची सोय राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी करून ठेवली होती. मोझरीच्या गुरुकुंजाचे वारे ज्या ज्या गावी पोचले, तेथे एक भजनी मंडळ, दोनचार खंजिऱ्या आणि एक पेटी असायचीच. आमच्या मंडळाची पेटी शाळेतले एक गुरुजी वाजवीत. माझ्या लहानपणी, म्हणजे १९६० नंतरच्या काही वर्षांत, गावात संगीताचे मासिक येई ते त्यांच्याच नावे. वर्गणी मनिऑर्डरने जाई, अंक बुकपोस्टाने येई, आणि वेष्टन फोडण्याचा मान आम्हा पोरांपैकी एकाला मिळे. एक अंक सहासात घरे फिरे. परत येई तेव्हा त्यावर हळदीचे बोट आणि चहाच्या कपाचे वर्तुळ हटकून असे.

हे मासिक म्हणजे हाथरसचे 'संगीत'. हास्यकवी काका हाथरसी, म्हणजेच प्रभूलाल गर्ग, यांनी ते १९३५ साली काढले. हिंदीत असूनही आमच्याकडे त्याचे काही अडत नसे. मध्य प्रदेशाची हद्द येथून हाकेच्या अंतरावर आहे. अंक हाती आला की गुरुजी आधी अग्रलेख वाचीत नसत, आधी स्वरलिपी उघडीत. ज्याची वाट पाहिली ते एखाद्या बंदिशीचे वा गाण्याचे सा-रे-ग-म छापलेले दोन पानांचे कोष्टक! त्या काळी गाणे एकदा रेडिओवर लागून गेले की गेले. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले होते. पण आवडते गाणे पुन्हा कधी लागेल हे केवळ दैवाधीन. शब्द हवे असतील तर सिनेमागृहाबाहेर गाण्यांचे चोपडे मिळे. सुरांचे चोपडे मात्र मासिकातच.

आता टिंबाची गोष्ट सांगतो. त्याशिवाय पुढचे कळायचे नाही.

पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या लिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब असले तर तो तार सप्तकातला, पायाशी असले तर मंद्रातला. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. हाथरसचे मासिक वाचून गुरुजींच्या बोटांना हीच सवय जडली होती. एकदा कोणी पाहुण्याने त्यांना पं. विष्णु दिगंबर पलुसकरांच्या पद्धतीने छापलेले जुने पुस्तक दिले. पलुसकरांच्या लिपीत डोक्यावरचे टिंब मंद्राचे, आणि तार सप्तकाला वर उभी रेघ! गुरुजींनी एकादशीला उत्साहाने नवी चाल उघडली आणि जेथे सूर खाली उतरायचा तेथे पेटी थेट वरच्या पट्ट्यांवर गेली. गाणाऱ्यांचे गळे ताणले, दोघे खोकू लागले. अखेर ढोलकीवाले काका हात थांबवून म्हणाले, "गुरुजी, पेटी तं आभायात चढली जी! आता आमी शिडी आनाव का?" सगळे मंडळ हसले. गुरुजी मुळीच रागावले नाहीत. "टिंबानं फसवलं बापा," एवढेच म्हणाले, आणि रात्री कंदिलाशी बसून दोन्ही लिप्यांचे एक तुलनापत्रक त्यांनी केले. ते पुढे वर्षानुवर्षे पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवलेले होते.

या प्रसंगात संगीताच्या मासिकाचे सारे रहस्य आहे असे मला वाटते. ज्याला गाण्यातले काहीच येत नाही तो मासिक घेत नाही. ज्याला सारे येते तोही घेत नाही. उस्तादाला सा-रे-ग-म छापून कशाला हवे? अर्धे येणारा माणूस मासिक घेतो. अर्धे गाणे त्याच्या कानात असते आणि उरलेले अर्धे त्याला छापखान्याकडून हवे असते.

आपल्याकडच्या जुन्या संपादकांना हे पक्के ठाऊक होते. पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी एकोणिसाव्या शतकात मुंबईला 'संगीत दर्पण' नावाचे मासिक काही काळ चालवले. ज्या काळी चीज शिष्याच्याही कानी सहजी पडत नसे, त्या काळी एका घरंदाज गवयाने मासिक काढावे हे धाडसच. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर तर गुरूच्याही पुढे गेले. ५ मे १९०१ रोजी लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले, 'संगीतामृत प्रवाह' हे मासिक चालवले आणि स्वरलिपीची पुस्तके स्वतःच छापली. खिळे जुळवून छापण्याच्या त्या दिवसांत एकेका स्वराखाली-वर टिंबे आणि रेघा बसवणे म्हणजे जुळाऱ्याच्या डोळ्यांची परीक्षा. एक टिंब गळाले की मंद्राचा निषाद मधल्या सप्तकात येऊन बसे आणि दूरच्या गावी कोणीतरी तो तसाच वाजवी.

त्यांच्या शिष्यपरिवाराने १९३१ मध्ये गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. मंडळाने प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा परीक्षांची शिडी उभी केली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास 'संगीत कला विहार' हे मासिक सुरू केले. परीक्षा आणि मासिक ही जोडी मला फार हुशारीची वाटते. परीक्षेला बसणारी मुले गावोगावी. त्यांच्या शिक्षकांना अभ्यासाचे साहित्य हवे. मग वर्गणीदार शोधायला जावे लागत नाही, तो शोधत येतो. मात्र परीक्षेपुरता घेतलेला अंक परीक्षेनंतर रद्दीत जातो. तो जपून ठेवावासा वाटावा असे काही प्रा. बी. आर. देवधरांनी त्यात घातले. देवधर हे कुमार गंधर्वांचे गुरू. त्यांनी गवयांना समक्ष गाठले, त्यांच्या हकिगती, लहरी, तालमी, उपासतापास ऐकले आणि लिहून काढले. रहिमत खाँ, सिंदे खाँ, बडे गुलाम अली खाँ या मंडळींवरचे ते लेख पुढे 'थोर संगीतकार' या पुस्तकात आले. ज्याला सा कोठे आहे हे माहीत नाही असा आमचा एक संत्र्याचा व्यापारीही ते लेख मागून नेई. उलट, अमुक परिषदेत अमुक बुवांनी अमुक राग रंगवला, असे वृत्तान्त मी तरी कधी पुरते वाचले नाहीत. ज्याचे नाव छापून आले असेल तो वाचत असावा. जाहिराती मात्र शब्दशः वाचल्या जात! पेटीला कपलर आहे का, सूर पालिताण्याचे आहेत का, यावर आमच्या ओट्यावर वादविवाद झडत, आणि पेटी घ्यायची ऐपत त्यातल्या एकाचीही नसे.

सायबांचे देशही याहून निराळे नव्हते. अमेरिकेत 'एट्यूड' नावाचे मासिक १८८३ ते १९५७ पर्यंत चालले. प्रत्येक अंकात पियानोवर वाजवायचे तुकडे छापलेले. फ्रान्समध्ये १९५८ साली 'सोनोरामा' निघाले, त्याच्या पानांत लवचीक तबकड्याच शिवलेल्या; अंक दुमडून फोनोवर ठेवला की ऐकू येई. लंडनच्या 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'ने १४ नोव्हेंबर १९५२ च्या अंकात निराळीच युक्ती केली. वीसेक दुकानांना टेलिफोन करून कोणत्या तबकड्या अधिक खपल्या ते विचारले आणि यादी छापली. पहिला कोण, दुसरा कोण! शर्यत म्हटली की गाण्याशी संबंध नसलेलाही थांबून बघतो. आमच्याकडे त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या बिनाका गीतमालेने पुढे गाण्यांना 'पायदान' देऊन तीच शर्यत लावली, आणि बुधवारी रात्री आमच्या गावात एकुलत्या एका रेडिओभोवती घोंगडी अंथरली जाऊ लागली.

त्या लंडनच्या साप्ताहिकाचे पुढे काय झाले? २०१५ मध्ये ते फुकट वाटण्यात आले, २०१८ च्या मार्चमध्ये त्याची छापील आवृत्ती बंद पडली आणि पाच वर्षांनी, २०२३ मध्ये, थोड्या प्रती काढून ती पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात ते पडद्यावरच जगले. गाणे कोणालाही, केव्हाही, फुकट ऐकू येऊ लागल्यावर मासिकाचे काम संपले असे सर्वांना वाटले होते.

संपले नाही. मी म्हातारा असलो तरी फोन वापरतो. त्यावर 'आठवणीतली गाणी' नावाचे अलका विभास यांचे संकेतस्थळ उघडा. हजारो मराठी गाण्यांचे शब्द, कवी, संगीतकार, गायक, कित्येकांचा राग. हे काय आहे? सिनेमागृहाबाहेरचे तेच चोपडे. फक्त आता त्याची पाने फाटत नाहीत. मूळचे गोव्याचे राजन पर्रीकर यांनी परदेशात राहून रागांवर इंग्रजीत लेख लिहिले आणि प्रत्येक विधानाखाली गायनाचे तुकडे जोडले. कोमल ऋषभ येथे आंदोलित आहे, असे वाचायचे आणि लगेच ऐकायचे. आमच्या गुरुजींना असा लेख मिळता तर त्यांनी देवपूजा चुकवली असती. 'पाच मिनिटांत पेटी शिका' अशा चित्रफिती मात्र बघून मला हसू येते. हाथरसच्या गर्गांनी 'म्युझिक मास्टर' हे पुस्तक काढले तेव्हा गुरूवाचून शिकण्याचे तेच आमिष होते. निदान त्यांनी पाच मिनिटांची मुदत घातली नव्हती.

गुरुजी वारल्यावर त्यांच्या मुलांनी जुने अंक मला घेऊन जायला सांगितले. लोखंडी पेटीतला तळचा थर वाळवीने खाल्लेला. वरचे पन्नासएक अंक शाबूत. मी ते आणले खरे, पण करायचे काय? आमच्या मंडळात पेटीवर बसणारा आता कोणी उरला नव्हता. यंत्रातला तयार ठेका लावून भजन उरकत असत. रद्दीवाल्याला दोनदा बोलावून दोनदा परत पाठवला.

शेवटी शेजारची एक मुलगी आली. वरुडला क्लासला जाते, प्रवेशिका पूर्णची तयारी करते. "आबाजी, मले पाहू द्या नं ते अंक," म्हणाली. दुपारभर बसली, एका पानाचा फोटो काढला, तीच चाल पेटीवर वाजवून दोन्ही आपल्या फोनवरून जगाला पाठवून दिले. मी म्हटले, "पोरी, कोण पाहणार आहे हे?" आठवड्याभरात पाहणारे बरेच झाले म्हणे, मला आकड्यांत रस नव्हता. पण परवा ती धावत आली. कोणी एक अनोळखी गृहस्थ, कोठल्या गावचे ते कळत नाही, त्यांनी लिहिले होते: वादन छान, पण तिसऱ्या ओळीतल्या निषादाचे टिंब वर आहे की खाली? फोटोत नीट दिसत नाही, आणि तुम्ही वाजवला तो वरचा.

आम्ही दोघांनी अंक उन्हात नेऊन पाहिला. टिंब दिसेना, कागदावर त्या जागी हळदीचे बोट उमटलेले. मग मी गुरुजींच्या पेटीचे झाकण उघडायला गेलो.