ब्लूजचा सोलो आणि दोन गंधार

ब्लूज गिटार म्हणजे पाच सुरांची मायनर पेंटॅटॉनिक स्केल. ती हातात बसली की पुढे नुसता वेग वाढवायचा, अशी नवशिक्यांची पक्की समजूत असते. मग तोच ‘बॉक्स’ (फ्रेटबोर्डवरचा बोटांचा साचा) वरखाली घासला जातो आणि सोलो काही केल्या पुढे सरकत नाही. कंटाळून माणूस अवघड नावांच्या नव्या स्केल शोधू लागतो. घोडं अडलेलं असतं ते बहुधा गंधारापाशी.

‘ए’ला षड्ज मानलं तर मायनर पेंटॅटॉनिकमध्ये सा, कोमल ग, म, प, कोमल नी येतात, हे धानीचे सूर. मेजर पेंटॅटॉनिकमध्ये सा, रे, ग, प, ध, म्हणजे भूप. (साम्य सुरांपुरतंच, राग त्याहून बरंच काही असतो.) मुरलेला वादक एकाच सोलोत दोन्हींतून ये-जा करतो. क्रीम या बँडच्या ‘क्रॉसरोड्स’मधले एरिक क्लॅप्टनचे सोलो १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत भर मैफलीत ध्वनिमुद्रित झाले. ही ये-जा तिथे स्वच्छ ऐकू येते.

ब्लूजच्या आवर्तनातल्या बाराही बारवर एकच स्केल चालते, हा दुसरा गैरसमज. चालते, पण काम भागतं एवढंच. ‘ए’मधल्या ब्लूजमध्ये सुरुवातीला ए-सेव्हन वाजतो आणि त्याचा स्वतःचा गंधार शुद्ध असतो. म्हणून वादक कोमल गंधाराची तार किंचित ओढतो आणि सूर कोमल-शुद्धच्या मधोमध लटकत ठेवतो. ब्लूजची सगळी आर्तता त्या फटीत आहे. पाचव्या बारला डी-सेव्हन आला की हिशेब पालटतो: कोमल गंधार आता त्या कॉर्डचाच सूर होतो आणि शुद्ध गंधारावर थांबलं तर कानाला टोचतं. नवव्या बारच्या ई-सेव्हनमध्ये शुद्ध निषाद असतो, जो वरच्या दोन्ही पेंटॅटॉनिकमध्ये नाहीच. कॉर्ड बदलताक्षणी नेमका हा सूर पकडणारी लिक (छोटी सुरावट) साधीच असते, पण ऐकणाऱ्याला ती भारी वाटते.

वेगाचं म्हणाल तर बी. बी. किंग ऐकावा. आपल्याला कॉर्ड धड वाजवता येत नाहीत, हे तो स्वतःच सांगायचा. आईच्या नात्यातल्या बुका व्हाइटची स्लाइड त्याला जमेना, म्हणून त्याने तो आवाज डाव्या हाताच्या थरथरीतून काढायचा प्रयत्न केला. तोच पुढे त्याचा जगप्रसिद्ध व्हायब्रेटो ठरला. गाण्याची ओळ संपली की गिटार तिला उत्तर देणार, आणि मध्ये श्वास घेण्याइतकी जागा सुटणार.

दुसऱ्याच्या लिक्स उचलणं ही चोरी, असंही काहींना वाटतं. डावखुरा अल्बर्ट किंग उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरायचा. त्यामुळे बारीक तारा वर यायच्या आणि तो त्या खाली ओढायचा. क्लॅप्टनच्या १९६७ च्या ‘स्ट्रेंज ब्रू’मध्ये त्याची छाप उघड आहे, स्टीव्ही रे व्हॉनवर तर जन्मभर होती. परंपरा अशीच चालते.

ब्लूज गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून कसब मिळवलं, ही कथा रंगतदार खरी. प्रत्यक्षात आइक झिमरमन नावाच्या गिटारवादकाकडे तोही असाच शिकला आणि १९३६-३७ मध्ये २९ गाणी ध्वनिमुद्रित करून गेला.

तेव्हा नवी स्केल शोधण्याआधी ‘ए’मधला एक संथ बॅकिंग ट्रॅक लावा. चार बार हात आवरा आणि पाचव्या बारच्या पहिल्या मात्रेवर कोमल गंधार वाजवा. फक्त तेवढाच.