पी हळद आणि हो गोरी!

ही म्हण ज्या कोणी केली, त्याने हळदीचा गुण आणि माणसाची घाई दोन्ही नीट ओळखले होते.

नाशिकजवळच्या आमच्या अंबडला औद्योगिक वसाहत झाली, कारखाने आले. पण स्वयंपाकघरातला हळदीचा डबा जागचा हलला नाही. घसा धरला की हळद-दूध, बोट कापले की चिमूटभर हळद, मुका मार लागला की तिची बहीण आंबेहळद! हे काही भाबडेपण नव्हे. आयुर्वेदाने व्रण, त्वचारोग आणि प्रमेह यांवर हरिद्रा सांगितली आहे. १८१५ साली युरोपात तिच्यातले पिवळे द्रव्य, कुर्क्युमिन, वेगळे काढले गेले. सूज कमी करण्याचा आणि काही जंतूंना आवरण्याचा त्याचा गुण प्रयोगशाळेत दिसला आहे.

पण गंमत पुढेच आहे. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने जखमेवर हळद वापरण्याचे चक्क पेटंट मिळवले! आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली त्याला आव्हान दिले. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा एक भारतीय वैद्यकीय लेख पुढे ठेवला. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. मात्र हा निकाल आपले ज्ञान जुने असल्याचा होता. हळद रामबाण असल्याचा नव्हे.

हा फरक सांगण्याचे कारण असे. गेल्या पावसाळ्यात शेजारचा एक पोरगा कामावरून आला, तो तळहातावर पत्र्याची खोल चीर आणि तिच्यावर हळदीचा थर घेऊन.

"काका, हळद लावलीय की! सुई कशाला?"

"बाबा रे, धनुर्वात हळदीला जुमानत नाही," मी म्हणालो, आणि त्याला तसाच दवाखान्यात नेला. जखम धुऊन, सुई टोचूनच परत आणला.

पोटात घेण्याचेही तसेच. हळदीत कुर्क्युमिन शेकडा तीनच्या आसपास, आणि त्यातले अंगी लागते थोडे. मिरे जोडीला असले तर जास्त शोषले जाते. म्हणून कोणी त्याच्या तीव्र गोळ्या घेतात. पण अशा गोळ्यांनी काहींचे यकृत बिघडल्याची नोंद आहे. रक्त पातळ करण्याचे औषध चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील, तर डॉक्टरांना आधी विचारावे.

आणखी एक. फार पिवळ्याधमक हळदीला भुलू नये. रंगासाठी काही ठिकाणी तिला लेड क्रोमेट फासतात. त्यातले शिसे मुलांच्या मेंदूला घातक. सांगलीची असो वा वर्ध्याकडच्या वायगावची, हळद खात्रीच्या माणसाकडूनच घ्यावी.

फोडणीत हळद रोज असावी. पण अर्ध्या हळकुंडाने कोणी पिवळे होऊ नये!