दवाखान्यात दिसत नाही, घरात दिसतं

१९९८ साली कोचीत अल्झायमर्सवरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथे संशोधकांच्या एका गटाची मोट बांधली गेली आणि त्याचं नाव ठेवलं गेलं '१०/६६'. नावातच तक्रार होती. डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाचे, ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत, आणि लोकवस्तीत जाऊन होणाऱ्या संशोधनापैकी दहा टक्केसुद्धा त्यांच्या वाट्याला नाही. तेव्हापासूनची पाव शतकाहून मोठी वाटचाल आता मागे वळून पाहिली, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. हा आजार ओळखायला काय लागतं, हे आपल्याला फार लवकर कळलं होतं.

त्याआधी काहीच नव्हतं असं नाही. कोचीतच १९९२ साली डॉ. जेकब रॉय कुरियाकोस यांनी 'एआरडीएसआय' ही अल्झायमर्सवर काम करणारी संस्था उभी केली होती. हरयाणात बल्लभगडला भारतीय आणि अमेरिकन संशोधकांचा संयुक्त अभ्यास चालू होता. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती तपासायची कशी, हा तिथला पहिला पेच. पाश्चात्त्य चाचणी सांगते, एक वाक्य लिहा, शंभरातून सात-सात वजा करत जा, दोन पंचकोन काढा. जिने जन्मात पेन्सिल धरली नाही ती बाई इथे नापासच होणार, मग तिची बुद्धी शाबूत असो वा नसो. या अडचणीतून १९९५ साली त्या चाचणीचा हिंदी अवतार तयार झाला.

त्या काळातले आकडे लहान होते. मुंबईत झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पासष्टीपुढच्या सुमारे अडीच टक्के लोकांना डिमेन्शिया आढळला. बल्लभगडचा आकडा त्याहूनही कमी. मग एकत्र कुटुंब, साधा आहार, अगदी आपली हळदसुद्धा श्रेय घेऊन गेली. मला हा आनंद तेव्हाचा भाबडेपणाच वाटतो. ज्या सासऱ्याच्या हातात जेवणाचं ताट आयतं येतं, ज्याच्याकडे पैशाचा व्यवहार नाही, ज्याला कोणी काही विचारत नाही, त्याला काही जमेनासं झालंय हे कळणार कुणाला? 'साठी बुद्धी नाठी' म्हणून मोकळं व्हायची सोय आपल्या भाषेनं करूनच ठेवलेली. '१०/६६' गटाच्या संशोधकांनीही पुढे हेच सुचवलं, की आजार कमी नव्हता, तो मोजमापात सापडत नव्हता.

या सगळ्या वाटचालीत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते गोव्यातलं काम. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स या संशोधकांनी तिथल्या लोकांशी गटागटानं बोलून केलेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. डिमेन्शिया झालेल्या माणसाचं वर्णन ऐकवल्यावर लोक म्हणत, हो, असे लोक आमच्या माहितीत आहेत. पण हा आजार आहे असं कुणाला वाटत नव्हतं. म्हातारपणाचा भाग, नाहीतर मुलांनी हेळसांड केली, माया लावली नाही त्याचा परिणाम. म्हणजे घरात डिमेन्शिया असणं ही घराची अब्रू जाण्यासारखीच गोष्ट. मुलं आईवडिलांना सांभाळतात ते पुष्कळदा घरजमिनीच्या आशेवर, हेही लोकांनी बोलून दाखवलं. आणि अभ्यासातली खरी मेख ही, की प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना असे रुग्ण क्वचितच दिसत होते, तर गावोगाव हिंडणाऱ्या आरोग्यसेविकांना ते सर्रास माहीत होते.

केरळात त्रिशूरला डॉ. के. एस. शाजी यांनी हीच गोष्ट उलट बाजूनं पडताळून पाहिली. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना थोडकं प्रशिक्षण दिलं आणि तुमच्या भागातली अशी माणसं सांगा म्हटलं. त्यांनी सांगितलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांना तज्ज्ञांच्या तपासणीत खरोखरच डिमेन्शिया निघाला. हे २००२ साली छापून आलं.

मग २००८. गोव्यात डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांवर रीतसर चाचणी केली. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक सल्लागारांनी सहा महिने निम्म्या कुटुंबांच्या घरी जायचं. काम काय? हा आजार आहे, सासूबाई मुद्दाम छळत नाहीत, हे सुनेला समजावून सांगायचं. आंघोळ नको म्हणणाऱ्या माणसाशी हुज्जत न घालता काय करता येईल, रात्री उठून दाराशी जाणाऱ्याला कसं सांभाळायचं, याच्या युक्त्या द्यायच्या. सरकारी योजनांची माहिती, गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवणं, अशाच दुसऱ्या घरांशी ओळख करून देणं. निकाल प्रामाणिकपणे मांडला गेला. रुग्णांत लक्षणीय सुधारणा सिद्ध झाली नाही, पण त्यांना सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य स्पष्टपणे सुधारलं. या आजारात अर्धा रुग्ण हा सांभाळणाराच असतो हे ज्यांनी घरात भोगलंय, त्यांना या निकालाची किंमत वेगळी सांगायला नको.

इथून पुढचा मागोवा भराभर उरकतो, कारण अहवाल पुष्कळ आले आणि माणसं घरोघर गेली नाहीत. २०१० सालच्या राष्ट्रीय अहवालानं देशात ३७ लाख रुग्ण असल्याचा अंदाज दिला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट आला, मोहन आगाशे यांच्या चक्रपाणी शास्त्रींनी मराठी घरांत या विषयाला तोंड फोडलं. केरळ सरकारनं २०१४ साली 'स्मृतिपथम' हा उपक्रम सुरू केला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली सगळ्या देशांसाठी कृती आराखडा आखला. २०२३ साली देशव्यापी पाहणीतून नवा आकडा आला. साठीपुढच्या लोकांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख रुग्ण. शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. हळदीचं श्रेय तिथंच संपलं.

एक चांगली गोष्ट मात्र गाजावाजा न होता घडली. आयुष्मान भारत योजनेत आशाताई तिशीपुढच्या माणसांचा जो तपासणी अर्ज भरतात, त्यात वृद्धांसाठी एक प्रश्न आला: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? प्रश्न आजोबांना विचारला तर ते हसून 'छे' म्हणणार. स्वयंपाकघरातल्या सुनेला विचारला तर उत्तर वेगळं येण्याची शक्यता पुष्कळ. आणि 'हो' आलं की अर्ज सांगतो, जवळच्या आरोग्य केंद्रात पाठवा. पण त्या केंद्रातल्या डॉक्टरनं पुढं काय करायचं? ओपीडीत पन्नास माणसं ताटकळत असताना तो बीपी बघतो, गोळ्या लिहून देतो, 'वय झालंय' म्हणतो. गोव्याच्या डॉक्टरांना २००१ साली जे दिसत नव्हतं, ते याला आज दिसावं अशी काय व्यवस्था आपण केली?

खरं तर प्राथमिक पातळीवर करण्यासारखं बरंच आहे, आणि ते महागडंही नाही. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, पडल्यावर मेंदूभोवती साचलेलं रक्त, झोपेच्या किंवा सर्दीच्या काही गोळ्यांचा परिणाम, यांतलं काहीही डिमेन्शियाचं सोंग घेऊ शकतं आणि त्यातलं पुष्कळ बरं होतं. बरं होणारं नसेल तरी निदानामुळे घरातला आरोप थांबतो, बँकेचे व्यवहार आणि मृत्युपत्र वेळेत मार्गी लागतात. निदानाचा पाया जवळच्या माणसानं सांगितलेली हकीकत हाच असतो, आणि आपल्या फॅमिली डॉक्टरला तीन पिढ्यांची हकीकत माहीत असते. हे बलस्थान इतर कुठल्या देशाकडे असतं तर त्यानं त्यावर अख्खी योजना उभी केली असती.

तशी योजना इथे उभी राहीपर्यंत वाचकांना एवढंच सांगणं आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांचं वागणं गेल्या वर्षभरात बदललं असेल, तेच तेच विचारणं, हिशेबात चुका, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, उगाच संशय, तर तारखांनिशी लिहून काढा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या, रुग्णाशी जास्त वेळ असणाऱ्या माणसाला सोबत न्या आणि नेहमीच्या डॉक्टरकडे जा. बोलायला कुणी हवं असेल तर मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे सरकारी क्रमांक आहेत. आणि डॉक्टर 'वयच झालंय' म्हणून कागद न वाचताच परत देत असतील, तर तो कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जा.